द्वेषमूलक भाषणाचे नियमन व माध्यमसाक्षरता

वंश, धर्म, जात, भाषा, राष्ट्रीयत्व इत्यादींवरून ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या समूहाविरुद्ध, त्या समूहात जन्मल्याच्या वा त्यात मोडत असल्याच्या कारणावरूनच, तिरस्कार, भेदभाव वा हिंसा चेतविणाऱ्या अभिव्यक्तीस द्वेषमूलक भाषण असे म्हणतात. भाषण हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचा असून त्यात लेख, व्यंगचित्र, चिन्ह, गीत, नभोवाणी, चित्रपट आणि आंतरजालावरील संदेश ह्या सर्वांचा समावेश होतो. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, समाजमाध्यमे इत्यादींतून येणारा मजकूर कोणी, कोणत्या हेतूने व कोणत्या साधनांनी तयार केला, हे पारखून घेण्याची क्षमता म्हणजे माध्यमसाक्षरता होय. हे दोन विषय सामान्यतः अलग मानले जातात. पहिला विधिशास्त्राचा, तर दुसरा शिक्षणशास्त्राचा. इतिहास पाहता मात्र ती एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असल्याचे दिसते. कायदा बोलणाऱ्यास आवरू पाहतो. माध्यमसाक्षरता ऐकणाऱ्यास सावध करू पाहते. निरनिराळ्या देशांनी ह्या दोहोंपैकी कशावर किती भर दिला आणि त्याचे परिणाम काय झाले, ह्याचा आढावा पुढे घेतला आहे.

भारतातील कायद्याचा उगम : द्वेषमूलक भाषणाविरुद्धच्या आधुनिक कायद्यांत भारतीय दंडसंहितेची गणना जुन्या कायद्यांमध्ये होते. टॉमस बॅबिंग्टन मेकॉले ह्याच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सिद्ध केलेल्या मसुद्यात धर्मविषयक अपराधांचे स्वतंत्र प्रकरण होते. इंग्लंडमधील ईश्वरनिंदेचा कायदा ख्रिस्ती धर्मापुरता मर्यादित होता. मेकॉलेच्या मसुद्याने सर्वच धर्मीयांच्या भावनांना सारखे संरक्षण देऊ केले. ही संहिता १८६० मध्ये संमत होऊन १८६२ पासून अंमलात आली.

संहितेतील पुढील महत्त्वाच्या बदलाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. केसरीतील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला व त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यानंतर १८९८ च्या दुरुस्ती अधिनियमाने राजद्रोहाची व्याख्या विस्तृत करण्यात आली आणि त्याच अधिनियमाने प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत शत्रुत्व वा द्वेष वाढविणे हा अपराध ठरविणारे कलम १५३अ संहितेत दाखल झाले. राज्यकर्त्यांविषयीची अप्रीती आणि प्रजाजनांतील परस्परद्वेष हे दोन भिन्न अपराध अशा रीतीने एकमेकांशेजारी आले. समाजातील दुर्बलांचे रक्षण आणि सत्तेचे रक्षण ह्यांची ही सरमिसळ पुढे अन्य देशांच्या कायद्यांतही वारंवार आढळते.

लाहोर येथे १९२४ मध्ये मुहंमद पैगंबरांच्या खासगी जीवनाचा उपहास करणारी एक निनावी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचा प्रकाशक राजपाल ह्याच्यावर कलम १५३अ खाली खटला भरण्यात आला. एखाद्या दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका म्हणजे त्याच्या अनुयायांच्या वर्गाविरुद्ध द्वेष पसरविणे नव्हे, असा अर्थ लावून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्याला निर्दोष सोडले. त्यावरून उसळलेल्या प्रक्षोभामुळे त्याच वर्षी संहितेत कलम २९५अ घालण्यात आले. विधेयकावरील चर्चेत महंमद अली जिना ह्यांनी इतिहाससंशोधक व प्रामाणिक टीकाकार ह्यांना संरक्षण मिळावे, असा आग्रह धरला होता; ‘जाणूनबुजून व दुष्ट हेतूने’ केलेला अवमान एवढाच कलमाच्या कक्षेत घेण्यात आला. तथापि कायदा होऊनही राजपालचा १९२९ मध्ये खून झाला. कायद्याने वक्त्याच्या अपराधाची व्याख्या केली होती. श्रोत्यांच्या क्षोभाचे नियमन करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्याची हमी दिली आणि १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था हे त्यावरील निर्बंधाचे एक कारण म्हणून समाविष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कलम २९५अ वैध ठरविले. निवडणूकविषयक कायद्यानेही धर्माच्या आधारे मते मागणे व वर्गावर्गांत द्वेष पसरविणे ही भ्रष्ट आचरणे ठरविली आहेत. मुंबईतील पार्ले मतदारसंघात १९८७ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीतील शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे ह्यांच्या प्रचारभाषणांमुळे रमेश प्रभू ह्यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कायम केला आणि ठाकरे ह्यांचा मताधिकार सहा वर्षांपुरता काढून घेण्यात आला. भाषणे आणि अंतिम निर्णय ह्यांत आठ वर्षांचे अंतर पडले. ह्याउलट जेम्स लेन ह्यांच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथाच्या प्रकरणी निराळेच चित्र दिसले. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला, ग्रंथाच्या लेखकावर कलम १५३अ खाली गुन्हा नोंदविण्यात आला आणि शासनाने ग्रंथ जप्त केला. जप्तीचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरविला व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय उचलून धरला. ग्रंथ वाईट ठरो वा चांगला, त्याच्या आशयाची चिकित्सा वाचकांनी करण्याऐवजी तो प्रश्न जमाव, पोलीस व न्यायालये ह्यांच्याकडे गेला, ही ह्या प्रकरणातील लक्षणीय बाब होय. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली असून तीत कलम १५३अ व २९५अ ह्यांच्या तरतुदी अनुक्रमे १९६ व २९९ ह्या कलमांत आहेत.

जर्मनी : कायद्याच्या सामर्थ्याविषयीची व मर्यादांविषयीची चर्चा बव्हंशी जर्मनीच्या अनुभवाभोवती फिरते. वायमार प्रजासत्ताकाच्या (१९१९–३३) काळात द्वेषप्रचाराविरुद्ध कायदेच नव्हते, हा समज बरोबर नाही. ज्यूद्वेषास वाहिलेल्या देअर श्ट्यूर्मर ह्या १९२३ मध्ये सुरू झालेल्या साप्ताहिकाचा संपादक यूलिउस श्ट्रायखर ह्याच्यावर अनेक खटले झाले व त्याला शिक्षाही झाल्या. हिटलरला १९२५ मध्ये बव्हेरियात व नंतर प्रशियात जाहीर सभांत बोलण्यास मनाई करण्यात आली होती. नाझी पक्षाने ह्याच मनाईचा भित्तिपत्रकांतून स्वतःच्या प्रसिद्धीसाठी उपयोग करून घेतला. न्यायाधीशांची सहानुभूती पुष्कळदा उजव्या गटांकडे होती आणि प्रजासत्ताकाविषयी आस्था असलेला श्रोतृवर्गही तेथे पुरेसा बलवान नव्हता. सत्ता हाती येताच नाझींनी २८ फेब्रुवारी १९३३ च्या आणीबाणीच्या हुकुमाने, संविधानातीलच एका अनुच्छेदाचा आधार घेऊन, भाषणस्वातंत्र्य स्थगित केले. न्यूरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये श्ट्रायखरला मानवतेविरुद्धच्या अपराधांबद्दल मृत्युदंड दिला, तर नभोवाणीवरील प्रचारक हान्स फ्रिच ह्याला निर्दोष ठरविले. केवळ शब्दांनी केलेला अपराध कोठे सुरू होतो, हा प्रश्न तेथे प्रथमच आंतरराष्ट्रीय पातळीवर न्यायनिर्णयासाठी आला.

कोलोनच्या ज्यू प्रार्थनामंदिरावर १९५९ च्या नाताळात स्वस्तिके रंगविण्यात आली व पाठोपाठ देशभर तशा शेकडो घटना घडल्या. परिणामतः १९६० मध्ये दंडसंहितेचे १३० वे कलम नव्याने लिहून लोकसमूहांविरुद्ध चिथावणी देणे हा अपराध ठरविण्यात आला. १९९४ मध्ये नाझींनी केलेला ज्यूंचा संहार नाकारणे हेही त्यात स्पष्टपणे अंतर्भूत झाले. ह्या कायद्याबरोबरच पश्चिम जर्मनीने नागरिकांच्या राजकीय शिक्षणासाठी १९५२ मध्ये एक केंद्रीय संस्था स्थापिली होती. बॉयटल्सबाख येथे १९७६ मध्ये शिक्षणतज्ज्ञांमध्ये जी सहमती झाली, तिच्यानुसार शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यांवर लादू नये, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या स्थितीचा व हिताचा विचार करण्यास समर्थ करावे. जर्मन प्रयोगाची चर्चा करताना सामान्यतः कलम १३० चाच उल्लेख होतो. त्याला जोडून असलेली ही शैक्षणिक बाजू मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : अमेरिकेने दुसऱ्या टोकाची भूमिका घेतली. वाईट भाषणावरचा इलाज सक्तीचे मौन नसून अधिक भाषण हा होय, हा विचार न्यायमूर्ती लूइस ब्रँडाइस ह्यांनी १९२७ मधील एका निकालपत्रात मांडला. इलिनॉय राज्याचा समूहाच्या बदनामीविरुद्धचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरविला होता. पण ती दिशा टिकली नाही. कू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्यासंबंधीच्या ब्रँडनबर्ग खटल्यात १९६९ मध्ये न्यायालयाने असे ठरविले, की तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याचा रोख व तसे घडण्याचा संभव असल्याखेरीज भाषण दंडनीय ठरविता येणार नाही. शिकागोजवळील स्कोकी गावात नाझी छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत असत. तेथे मोर्चा काढण्याचा नवनाझींचा हक्क न्यायालयांनी १९७७–७८ मध्ये मान्य केला. मोर्चा मात्र अखेर शिकागो येथे निघाला.

अधिक भाषणाच्या ह्या सिद्धांतात श्रोता विवेकी आहे, त्याला विचार करण्यास अवधी आहे व ज्याच्यावर आघात झाला त्यालाही उत्तर देण्याची साधने उपलब्ध आहेत, अशी गृहीतके आहेत. श्रोत्याला तसा विवेकी बनविण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतच झाला. क्लाइड मिलर ह्यांनी १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचारविश्लेषण संस्था स्थापन केली. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन ह्यांनी तिला द्रव्यसाहाय्य दिले. नावे ठेवणे, गोंडस पण मोघम शब्द वापरणे, प्रतिष्ठित गोष्टींचे वलय आपल्या बाजूला चिकटविणे, थोरामोठ्यांची साक्ष काढणे, आपण सामान्यांपैकीच असल्याचा आव आणणे, सोयीचेच पुरावे रचणे आणि ‘सर्वजण आमच्यामागे आहेत’ असे भासविणे, ह्या प्रचाराच्या सात युक्त्या संस्थेने सूत्ररूपाने मांडल्या. नभोवाणीवरून ज्यूद्वेष पसरविणारे धर्मोपदेशक चार्ल्स कॉफलिन ह्यांची भाषणे ह्या कसोट्यांवर तपासून १९३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यात आली. अशा शिक्षणाने विद्यार्थी विवेकी होण्याऐवजी सर्वच गोष्टींवर अविश्वास ठेवू लागतील, असा आक्षेप तेव्हाच घेण्यात आला होता. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये संस्थेचे कार्य थांबले. युद्धकाळात स्वपक्षाच्या प्रचाराचे तटस्थ विश्लेषण करणे अवघड झाले होते.

आंतरराष्ट्रीय करार, ब्रिटन व कॅनडा : दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांत द्वेषप्रचारबंदीविषयी मतभेद झाले. सोव्हिएट गट बंदीचा पुरस्कर्ता होता. अशी तरतूद हुकूमशाही राजवटी विरोधकांवर वापरतील, अशी भीती एलिनॉर रूझवेल्ट ह्यांनी व्यक्त केली. अखेरीस १९६५ च्या वंशभेदनिर्मूलनविषयक करारात आणि १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात बंदीची तरतूद आली. अमेरिकेने दोन्ही करार स्वीकारताना आपल्या संविधानातील भाषणस्वातंत्र्याचा अपवाद राखून ठेवला.

ब्रिटनने १९६५ च्या वंशसंबंध अधिनियमाने वर्णद्वेषाची चिथावणी दंडनीय केली. नवनाझी पुढारी कॉलिन जॉर्डन ह्याला ह्या अधिनियमाखाली १९६७ मध्ये शिक्षा झाली. त्याच वर्षी त्रिनिदादमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय चळवळीतील पुढारी मायकेल मलिक ह्यालाही गोऱ्यांविरुद्धच्या भाषणाबद्दल तुरुंगवास झाला. प्रामुख्याने वर्णभेद सोसणाऱ्यांसाठी झालेला कायदा त्यांच्यातीलच एका पुढाऱ्यावर इतक्या लवकर लागू झाला, ह्यावरून अंमलबजावणी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न कायद्याच्या शब्दांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कॅनडातील कीगस्ट्रा प्रकरण शिक्षणाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जेम्स कीगस्ट्रा हा ॲल्बर्टा प्रांतातील एक्‌व्हिल येथील माध्यमिक शाळेत शिक्षक होता. ज्यूंच्या जागतिक कारस्थानाची कल्पित कथा तो इतिहास म्हणून शिकवी व विद्यार्थ्यांनी परीक्षेत तीच उत्तरे द्यावीत, अशी त्याची अपेक्षा असे. त्याला १९८२ मध्ये नोकरीवरून दूर करण्यात आले आणि द्वेषप्रचाराविरुद्धचा कायदा वैध ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. श्रोत्याच्या विवेकावर विसंबताना तो विवेक घडविणारी शाळाच दूषित झाली तर काय, हा प्रश्न ह्या प्रकरणाने पुढे आणला. कॅनडाच्याच ऑन्टॅरिओ प्रांताने १९८७ मध्ये माध्यमसाक्षरतेस शालेय अभ्यासक्रमात सक्तीचे स्थान दिले.

रूआंडा : जुलै १९९३ मध्ये रूआंडात आरटीएलएम हे खासगी नभोवाणी केंद्र सुरू झाले. लोकप्रिय संगीत, थट्टामस्करी व श्रोत्यांशी सलगीची भाषा ह्यांमुळे ते अल्पावधीत लोकांच्या पसंतीस उतरले. ह्याच सलगीच्या भाषेतून तुत्सी लोकांचा ‘झुरळे’ असा उल्लेख होऊ लागला. एप्रिल ते जुलै १९९४ ह्या सुमारे शंभर दिवसांत आठ ते दहा लाख लोक मारले गेल्याचे अंदाज आहेत. त्या काळात केंद्रावरून व्यक्तींची नावे व ठिकाणे सांगितली जात होती. हे प्रक्षेपण विस्कळीत करण्याचा विचार अमेरिकेच्या शासनात झाला. परंतु खर्च व कायदेशीर अडचणी ही कारणे देऊन तो सोडून देण्यात आला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये केंद्राचे संस्थापक व कांगुरा ह्या नियतकालिकाचा संपादक ह्यांना दोषी ठरविले व २००७ मध्ये अपिलात शिक्षा कमी केल्या. न्याय झाला, पण संहारानंतर. पुढे रूआंडाने २००८ मध्ये वंशसंहाराच्या विचारसरणीविरुद्ध कायदा केला. त्याची व्याख्या इतकी सैल होती, की तो शासनाच्या टीकाकारांविरुद्ध वापरला जातो, अशी टीका मानवी हक्क संघटनांनी केली आणि नंतर त्यात सुधारणा कराव्या लागल्या.

ज्या नभोवाणीने द्वेष पसरविला, तिचाच उपयोग करून २००४ पासून रूआंडात मुसेकेवेया ही श्रुतिकामाला प्रसारित होऊ लागली. दोन गावांच्या वैराच्या कथेतून द्वेष कसा रचला जातो व त्याला विरोध कसा करता येतो, हे तीत दाखविले आहे. एलिझाबेथ लेव्ही पालक ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मालिकेमुळे श्रोत्यांच्या वैयक्तिक समजुती फारशा बदलल्या नाहीत. परंतु समाजात कोणते वर्तन योग्य मानले जाते ह्याविषयीची त्यांची कल्पना आणि प्रत्यक्ष वर्तन ह्यांत बदल झाला. विशेषतः असहमती उघडपणे बोलून दाखविण्याची तयारी वाढली.

आंतरजालयुग : समाजमाध्यमांच्या प्रसाराने वक्ता, प्रकाशक व श्रोता ह्यांतील जुनी सीमारेषा पुसली गेली. म्यानमारमध्ये २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देश सोडावा लागला. त्यांच्याविरुद्धच्या द्वेषाच्या प्रसारात फेसबुकचा मोठा वाटा असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये नोंदविले आणि आपण पुरेसे प्रयत्न केले नसल्याचे कंपनीनेही मान्य केले. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा करून उघडउघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढून टाकण्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकली व पाच कोटी यूरोपर्यंत दंडाची तरतूद केली. फ्रान्सचा तशाच स्वरूपाचा कायदा तेथील संविधान परिषदेने २०२० मध्ये बव्हंशी रद्द ठरविला. दंडाच्या भीतीने कंपन्या वैध मजकूरही काढून टाकतील, हे त्याचे एक कारण होते. फेब्रुवारी २०२४ पासून यूरोपीय संघाचा डिजिटल सेवा अधिनियम पूर्णपणे लागू झाला असून जर्मन कायद्याची जागा त्याने घेतली आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले; चर्चा, पुरस्कार व चिथावणी ह्यांत भेद करून केवळ चिथावणीच्या पातळीवर पोहोचलेली अभिव्यक्तीच निर्बंधास पात्र होते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तथापि ज्या संदेशाचा कर्ताच ओळखता येत नाही, त्याबाबत वक्त्यावर रोख धरणारा कायदा निरुपाय होतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या जमातीतील पाच जणांना, मुले पळविणारी टोळी असल्याच्या संशयावरून, जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्यांविषयीच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. मृत व्यक्ती सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातून भिक्षेसाठी आल्या होत्या. अफवेत जमातीचे नाव असण्याचीही गरज नव्हती. भटक्यांविषयी पूर्वापार चालत आलेल्या संशयाने ती उणीव भरून काढली. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली.

माध्यमसाक्षरतेचा प्रसार : युनेस्कोच्या पुढाकाराने पश्चिम जर्मनीतील ग्र्यूनवाल्ट येथे जानेवारी १९८२ मध्ये भरलेल्या परिषदेत १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यमशिक्षणाचा जाहीरनामा स्वीकृत केला. फिनलंडमध्ये १९७० नंतरच्या शालेय अभ्यासक्रमांत माध्यमशिक्षणाचा अंतर्भाव होत गेला; २०१६ पासून अंमलात आलेल्या अभ्यासक्रमात बहुविध साक्षरता ही स्वतंत्र विषय न मानता सर्व विषयांतून जोपासावयाची क्षमता मानली आहे. तेथे वांशिक चिथावणीविरुद्धचा फौजदारी कायदाही आहे. म्हणजे शिक्षण हा कायद्याचा पर्याय नव्हे. भारतात केरळमधील कण्णूर जिल्ह्याने २०१८ मध्ये शासकीय शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग चालविले. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी घरोघरी जाऊन सुमारे एक तासाचे प्रशिक्षण देण्याचा प्रयोग सुमित्रा बद्रीनाथन ह्यांनी केला. त्याचा एकंदरीत लक्षणीय परिणाम आढळला नाही. त्यानंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच राज्यातील ५८३ गावांत, सुमारे साडेतेरा हजार विद्यार्थ्यांसाठी काही महिने चाललेले वर्ग घेतले. त्यातून खऱ्याखोट्याची पारख सुधारली, ती काही महिन्यांनंतरही टिकून होती आणि तिचा लाभ पालकांपर्यंतही पोहोचला, असे दिसून आले. एका तासाच्या उपदेशाने जे साधले नाही, ते सलग अध्यापनाने साधले.

मूल्यमापन : वरील आढाव्यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. कायदा आवश्यक आहे. कारण ज्याच्यावर द्वेषाचा आघात होतो, त्या समूहाने श्रोत्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत वाट पाहावी, असे म्हणणे न्याय्य नाही. परंतु कायदा बहुधा उशिरा पोहोचतो आणि व्याख्या सैल असल्यास तो बलवानांच्या हातातील शस्त्र बनतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २०१२ मध्ये सिद्ध झालेल्या राबात कृतियोजनेत संदर्भ, वक्त्याचे स्थान, हेतू, आशय व रूप, प्रसाराची व्याप्ती आणि हानीचा संभव ह्या सहा कसोट्या सांगितल्या असून दंड हा शेवटचा उपाय मानला आहे. माध्यमसाक्षरतेचे फळ ह्याहून संथ असते. तिच्यामुळे द्वेष करणारा नाहीसा होत नाही. तथापि वायमार जर्मनीपासून राईनपाड्यापर्यंतचा इतिहास असे दर्शवितो, की द्वेषाच्या शब्दाला कृतीचे रूप नेहमी ऐकणाऱ्यांच्या हातून मिळाले आहे. जमावातील एखाद्याने ‘हे खरे कशावरून?’ एवढे विचारण्याचे धैर्य दाखविणे, ही कोणत्याही दंडसंहितेला निर्माण करता न येणारी गोष्ट आहे. ती शाळेत, घरात व सार्वजनिक व्यवहारातच घडते. संहितेतील कलम आणि शाळेतील तो प्रश्न ह्यांपैकी एकाच्या अभावी दुसरा अपुरा पडतो.